नाही म्हणजे फक्त नाही

बऱ्याच दिवसांनी इथे लिहायला बसले आहे, आणि आज थोडी रागात आहे. नेहमी मी शाळेच्या आठवणी, आंब्याच्या लोणच्याचे दिवस, नाहीतर नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहिते. आजचा विषय आहे संगणकातलं कुलूप. माझं शिक्षण मराठी माध्यमातून बी. ए., पुढे ३५ वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं. तेव्हा "हिला यातलं काय कळतंय?" असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. आमचे भाचेबुवा तर म्हणतातच. फक्त शेवटपर्यंत वाचून मग म्हणा.

आधी काय घडलं ते सांगते.

आमच्या गावातल्या वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीसाठी एक प्रोग्रॅम आहे. तो माझ्या भाच्याने लिहून दिला, एक पैसाही न घेता. (हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच टीका करणार आहे.) संध्याकाळी दोन खिडक्या चालतात. प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी नोंदी आपोआप डिस्कवर उतरवतो, आणि बंद करताना ग्रंथपाल बाई 'जतन करा' हे बटण दाबतात.

एकदा महिनाअखेरीनंतर असं निघालं की १७ पुस्तकं कपाटात आहेत, पण संगणक म्हणतो ती सभासदांकडेच आहेत. पुस्तकं परत करून वर तगाद्याचे फोन आले, म्हणून लोक भडकले. कार्यकारिणीची बैठक झाली. मी त्या समितीत आहे. मीच बाईंना विचारलं, "शेवटच्या घाईत बटण दाबायचं राहून गेलं का हो?" त्या म्हणाल्या, "दाबलं होतं. 'नोंदी जतन आहेत' असं आलं होतं पडद्यावर." कोणी काही बोललं नाही. पण न बोलण्यातूनही माणसाला कळायचं ते कळतं. तुटपुंज्या मानधनावर ११ वर्षं काम केलेल्या बाईंनी वाचनालयाची किल्ली टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून यायचं बंद केलं.

मग खिडकीवर कोणी बसायचं? मी बसले. आणि दोन महिन्यांनी, महिनाअखेरीलाच, मी स्वतः बटण दाबलं, 'नोंदी जतन आहेत' हे स्वतः वाचलं, आणि सकाळी येऊन पाहते तर आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या नोंदी गायब!

भाच्याला बोलावलं. तो दिवाळीच्या सुट्टीत आला आणि आम्ही दोघं प्रोग्रॅम वाचत बसलो. मी कधीकाळी मोडी वाचायला शिकले होते, त्याच चिकाटीने हेही शिकले. अक्षर अक्षर लावत जायचं, न कळलं की विचारायचं.

त्यातून कळलं ते असं. एका प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी बरीच कामं चालतात. त्यातल्या प्रत्येक धाग्याला थ्रेड म्हणतात. एक थ्रेड खिडकीवरच्या नोंदी घेतो, एक नोंदी डिस्कवर उतरवतो, एक याद्या छापतो. पण नोंदवही सगळ्यांची एकच. दोघांनी एकदम तिच्यात हात घातला तर घोळ ठरलेला. म्हणून वहीला कुलूप, आणि किल्ली एकच. किल्ली ज्याच्या हाती, त्यानेच वही उघडायची. या कुलपाला म्हणतात म्युटेक्स. एकाने दुसऱ्याला वगळायचं, दुसऱ्याने पहिल्याला, एवढाच त्या नावाचा अर्थ. एड्सगर डाइक्स्ट्रा नावाच्या डच गणितज्ञाने या प्रश्नावर १९६५ साली मूलभूत लेखन केलं.

आता किल्ली मागायच्या दोन रीती आहेत. एक, मिळेपर्यंत दारात उभं राहायचं. दुसरी, "किल्ली आहे का?" असं विचारायचं, असेल तर घ्यायची, नसेल तर न थांबता परत फिरायचं. या दुसऱ्या रीतीला ट्राय-लॉक म्हणतात. माझं भांडण आहे ते या ट्राय-लॉकशी. किंवा खरं तर त्याच्या 'नाही'चा आपण जो अर्थ लावतो त्याच्याशी.

भाच्याने 'जतन करा' बटणामागे लिहिलं होतं: ट्राय-लॉक कर. मिळालं तर नोंदी डिस्कवर उतरव. नाही मिळालं, तर दहा मिनिटांचं आपोआप जतन चालू असणार, म्हणजे काम होतंच आहे, तेव्हा 'नोंदी जतन आहेत' असं दाखव आणि मोकळा हो.

महिनाअखेरीला बाई थकीत पुस्तकांची यादी छापायला लावून मग बटण दाबायच्या. किल्ली होती छपाईच्या थ्रेडकडे. आमचा जुना ठोक्याचा प्रिंटर पंधरा मिनिटं खडखड करत बसतो आणि तेवढा वेळ किल्ली धरून ठेवतो. बटणाने विचारलं, उत्तर आलं 'नाही'. बटणाने ठरवलं, म्हणजे जतन चालू आहे. मधेच दहा मिनिटांचं जतन जागं झालं, त्यालाही 'नाही' मिळालं, तेही तसंच समजून झोपी गेलं. यादी छापून झाली, बाईंनी संगणक बंद केला. छपाईआधीच्या शेवटच्या गर्दीतल्या नोंदी कोणीच लिहिल्या नव्हत्या. दोघांनीही समजूत करून घेतली की दुसरा करतोय. घरातल्या दूध उतू जाण्याच्या सगळ्या कथा अशाच असतात.

भाचा म्हणाला, "अगं मावशी, सोपं आहे. छपाईने किल्ली फार वेळ धरली हीच चूक. यादीची नक्कल काढून घ्यायची, किल्ली लगेच सोडायची आणि मग निवांत छापायचं. दोन ओळींची दुरुस्ती."

मी म्हटलं, ती दुरुस्ती कर, चांगलीच आहे. पण तिने रोग जात नाही, ताप कमी होतो एवढंच. उद्या आणखी कोणी क्षणभर किल्ली धरली आणि नेमकं त्याच क्षणी बटण दाबलं गेलं, की पुन्हा तेच. फक्त तेव्हा ते वर्षातून एकदा होईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. मुलाने गणित चुकवलं आणि उत्तर योगायोगाने बरोबर आलं तर मी गुण देत नसे, कारण पुढचं गणित चुकणारच असतं.

चूक आहे ती 'नाही'मधून 'दुसरा कोणी माझं काम करतोय' हा निष्कर्ष काढण्यात. किल्ली दुसऱ्याकडे आहे एवढ्यावरून तो आत काय करतोय हे कसं कळणार? न्हाणीघराची कडी आतून लागलेली असली म्हणून आतला माणूस तुमचे कपडे धुतोय असं कोणी समजतं का?

यावर भाचेबुवांनी दुसरा मुद्दा काढला. "मग ट्राय-लॉकने किल्ली कोणाकडे आहे हेही सांगायला हवं." ऐकायला बरं वाटतं. पण उत्तर तुमच्या हाती येईपर्यंत शिळं झालेलं असतं. "छपाईकडे आहे" असं तुम्ही वाचता तोवर छपाईने किल्ली सोडलेली असेल, तिसऱ्याने घेतलेली असेल. 'हो' शिळं होत नाही, कारण 'हो' म्हटल्यावर किल्ली तुमच्याच हातात असते, तुम्ही सोडेपर्यंत कोणी ती घेऊ शकत नाही. 'नाही' मात्र जन्मतःच भूतकाळ. व्याकरणाच्या बाईला हा फरक लगेच दिसतो हो!

तिसरी गोष्ट ऐकून तर मी थक्कच झाले. हा प्रोग्रॅम सी प्लस प्लस भाषेत आहे. त्या भाषेच्या २०११ सालच्या प्रमाण नियमावलीत स्पष्ट परवानगी आहे की किल्ली मोकळी असतानाही ट्राय-लॉकने 'नाही' म्हटलं तरी चालेल! पुढच्या आवृत्तीत त्यांनी एवढंच वाढवलं की कोणाची स्पर्धा नसताना सतत 'नाही' म्हणत राहू नये. आधी मला हा निव्वळ खोटेपणा वाटला. "असला कसला नियम?" म्हणून मी भाच्याशी तासभर भांडले, आणि गंमत म्हणजे या बाबतीत आमचं एकमत होतं. त्यालाही तो नियम चुकीचाच वाटत होता. कुलूप मोकळं असेल तर 'हो', कोणाकडे असेल तर 'नाही', यापलीकडे काय हवं?

पण त्यामागचं कारण समजल्यावर मी बाजू बदलली. एक कारण साधं आहे. काही प्रोसेसरांवर किल्ली घेण्याची एका झटक्यातली क्रिया कधीमधी उगीचच फसते; ती पुन्हा पुन्हा करत बसण्यापेक्षा सरळ 'नाही' म्हणणं सोपं. दुसरं कारण जास्त खोल आहे. हान्स बोम नावाच्या संशोधकांनी २००७ साली कुलपांच्या आसपास कामांचा क्रम किती बदलू द्यावा यावर एक निबंध लिहिला, त्यात या प्रश्नाचा विचार आहे.

असं समजा, पहिल्या थ्रेडने फळ्यावर सुविचार लिहिला आणि मग किल्ली घेतली. दुसरा सारखा ट्राय-लॉक करतोय. मिळाली की सोडतो, पुन्हा मागतो. ज्या क्षणी त्याला 'नाही' मिळतं त्या क्षणी तो म्हणतो, "अच्छा, पहिल्याने किल्ली घेतली, म्हणजे सुविचार लिहून झालेलाच आहे." तर्क बिनचूक वाटतो ना? पण संगणक वेग वाढवण्यासाठी कामांचा क्रम पुढेमागे करतो. त्याचा कुलपापुरता नियम असा: दाराबाहेरचं काम आत नेऊन केलं तरी चालेल, आतलं काम बाहेर आणायचं नाही. म्हणजे किल्ली घेतली गेलेली दिसेल आणि सुविचार अजून लिहिलेलाच नसेल! हे टाळायचं तर किल्ली घेणाऱ्या प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, आधीची सगळी कामं उरकून मगच आत जायची सक्ती करावी लागेल. 'नाही'वरून तर्क लढवणाऱ्या दोन-चार अतिशहाण्यांसाठी शिस्तीत वागणाऱ्या सगळ्यांनी भुर्दंड का भरायचा?

म्हणून नियम करणाऱ्यांनी सांगून टाकलं: 'हो' म्हटलं तर ते पूर्ण 'हो'. किल्ली तुमची, आणि आधीच्या माणसाने वहीत जे लिहिलं ते सगळं तुम्हाला दिसेल. 'नाही' म्हटलं तर फक्त 'तुम्हाला मिळाली नाही'. बाकी जगाबद्दल आम्ही काही सांगितलेलं नाही. आता मला ही सचोटी वाटते. आपल्याला जे ठाऊक नाही त्याचा भरवसा न देणारा माणूस मला आवडतो.

(आमच्या वाचनालयात जे झालं ते या उगीचच्या 'नाही'मुळे नव्हे, बरं का. तिथे किल्ली खरोखरच छपाईकडे होती. पण अर्थ लावायची खोड तीच.)

मग ट्राय-लॉकने वागावं कसं? माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगते. उत्तर तत्काळ द्यावं, दारात अडकवू नये. 'हो' आणि 'नाही' यांत गोंधळ होऊच नये. आणि 'नाही'च्या पोटात आणखी काही दडवू नये.

दुसऱ्या वाक्यावर थोडं बोलायलाच हवं. १९९५ च्या पॉसिक्स नियमांत शून्य म्हणजे किल्ली मिळाली, शून्याव्यतिरिक्त काही आलं तर नाही मिळाली. लिनक्सच्या गाभ्यात म्युटेक्स २००६ साली आलं, तिथे १ म्हणजे मिळाली आणि शून्य म्हणजे नाही! आणि त्याच गाभ्यात जुना सेमाफोर आहे, त्याचं पुन्हा उलट. तिथेच टीप लिहून ठेवावी लागली आहे की बाबांनो, जपून. एका शाळेच्या एका वर्गात बरोबरची खूण म्हणजे बरोबर आणि शेजारच्या वर्गात चूक, असं चालेल का? त्याहून वाईट प्रकार म्हणजे पॉसिक्सच्या एका जातीच्या कुलपात किल्लीवाला थ्रेड मधेच मेला, तर पुढच्याला शून्याऐवजी 'मालक मेला' असा एक अंक मिळतो. तो अंक दिसायला नकारासारखा, पण किल्ली प्रत्यक्षात हातात आलेली असते! 'नाही' समजून परत फिरलात तर वही कायमची बंद. रस्ट भाषेने हे नीट केलं आहे. तिथे 'सध्या मिळत नाही' आणि 'आधीचा आत कोलमडला' ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि किल्ली मिळाल्याशिवाय वही उघडताच येत नाही. याला म्हणतात शिस्त.

"मग ट्राय-लॉक काढूनच टाकायचं का?" भाचेबुवांचा शेवटचा बाण. गो भाषेत ते बरीच वर्षं नव्हतंच. २०२२ साली आणलं, आणि सोबत इशारा दिला की याचा योग्य वापर क्वचितच असतो, वापरावंसं वाटलं तर बहुधा मुळात काहीतरी बिघडलेलं असतं. तरी मी काढा म्हणणार नाही. दोन कुलपं लागतात तिथे ते हवंच. स्वयंपाकघरात एकीकडे पोळपाट आणि दुसरीकडे लाटणं, दोघीही दुसरी वस्तू मिळाल्याशिवाय हातातली सोडत नाहीत, मग पोळ्या कोण करणार? तिथे शहाणी बाई दुसरी वस्तू मागून बघते, नाही मिळाली तर हातातलीही खाली ठेवते आणि थोड्या वेळाने पुन्हा येते. बघा, तिला 'नाही'चा काहीही अर्थ लावावा लागत नाही. लाटणं कोणाकडे आहे, का आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. किंवा पडद्यावर 'आज दिलेली पुस्तकं' हा आकडा दर सेकंदाला बदलायचा असतो. नाही मिळाली किल्ली तर जुनाच आकडा राहू दे, पुढच्या सेकंदाला बघू. कोणाचं काही बिघडत नाही.

ही माझी कसोटी. 'नाही' मिळाल्यावर ज्याला फक्त परत फिरून पुन्हा यायचं आहे, त्याने ट्राय-लॉक वापरावं. ज्याचं काम झालंच पाहिजे, त्याने दारात उभं राहावं. "पडदा गोठतो, लोक वैतागतात" म्हणे! मग 'थांबा, नोंदी जतन होत आहेत' असं लिही. नाहीतर जतनाच्या थ्रेडला चिठ्ठी ठेव, आणि त्याने काम केल्यावरच 'झालं' म्हण. तेही जमत नसेल तर सरळ 'जतन झालं नाही, पुन्हा बटण दाबा' असं लिही. वैतागलेला माणूस परवडला. खोटं 'झालं' वाचून निर्धास्त घरी गेलेली आणि दुसऱ्या दिवशी खोटी ठरलेली बाई परवडत नाही.

भाच्याने आता दोन्ही दुरुस्त्या केल्या आहेत. माझी दुसरी अनावश्यक होती असं तो अजूनही म्हणतो. म्हणू दे. इथे खाली प्रतिक्रियांत त्याने त्याची बाजू मांडावी, मी काढून टाकणार नाही.

राहता राहिला माझा स्वतःचा हिशेब. संगणकाने 'नाही'चा चुकीचा अर्थ लावला म्हणून मी एवढं लिहिलं. पण त्या बैठकीत बाईंनी "दाबलं होतं" असं स्पष्ट सांगितल्यावर आम्ही काय केलं? पडद्यावरच्या वाक्यावर विश्वास ठेवला आणि समोर बसलेल्या माणसावर ठेवला नाही. पुढच्या बैठकीत मी माझी चूक आणि बाईंची निर्दोषता, दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली, आणि त्याची प्रत घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी ती वाचली, चहा केला, इकडचं तिकडचं बोललो. निघताना विचारलं, "मग येताय ना परत?" त्या म्हणाल्या, "आत्ता नाही."

राग असेल, मुलाकडे जायचं असेल, गुडघे दुखत असतील. मला माहीत नाही, आणि मी तर्क करत बसलेली नाही. किल्ली माझ्या पर्समध्येच आहे. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाईन तेव्हा पुन्हा विचारीन.

असो. फारच लांबलं आज. पुढच्या वेळी नक्की लोणचं!